एकाच जातीचे ठोकळे

"थांबा! हा खोका भंगारात जाणार नाही!" चष्मिश दारात आडवी उभी राहिली.

"अगं, अर्धवट आहे तो!" धाकटे मामा वैतागले. "विजेचे शंभर ठोकळे मागवले, तीन जातींचे, तर सगळे एकाच जातीचे निघाले. दुकानदारानं टोपी घातली! चार वाजता भंगारवाला येतोय, बाजूला हो."

घंटा दुरुस्त करणारे मोठे मामा जाऊन महिना झाला होता. मामींना ऐकू येत नसे. त्या दिवशी हॉस्पिटलचा माणूस त्यांना न्यायला आला, घंटा वाजवून वाजवून परत गेला, आणि मामी आत भांडी घासत राहिल्या. शेवटची भेट हुकली ती हुकलीच. पुढच्या किंवा मागच्या दाराची, कुठलीही घंटा वाजली की स्वयंपाकघरात दिवा लागावा, म्हणून मामांनी आजारपणाआधीच हा खोका करायला घेतला होता.

खणात चष्मिशच्या मावसभावाला, म्हणजे बटाट्याला, ऑर्डरची पावती सापडली. "अगं, हे तर धाकट्या मामांचं अक्षर! 'आणि', 'किंवा', 'नाही', तिन्ही ठोकळ्यांपुढे एकच नंबर खरडलाय!"

पावतीमागे मोठ्या मामांनी लिहिलं होतं, 'असू दे. एवढ्यावर सगळं होईल.'

"कसं होईल?" चष्मिशने एका ठोकळ्याला बॅटरी आणि बल्ब जोडला. आत जाणाऱ्या दोन्ही तारांतून वीज दिली तरच बल्ब विझायचा, एरवी पेटलेला!

"उलट्या डोक्याचा आहे!"

"तुझ्यासारखाच!" म्हणत तिने दोन्ही तारा एकत्र बांधल्या. वीज दिली, बल्ब विझला. काढली, पेटला. "हा झाला 'नाही'! तो दुसऱ्या ठोकळ्याच्या पुढे लाव... दोन्हीकडून वीज आली तरच पेटणारा 'आणि' तयार!"

"आणि 'किंवा'?"

खोक्यात तसेच तारा बांधलेले दोन ठोकळे होते, एकेका घंटेसाठी एकेक. तिने दोघांतून बाहेर येणाऱ्या तारा तिसऱ्या ठोकळ्यात घातल्या. कुठल्याही घंटेचं बटण दाबा, बल्ब लागत होता! तिचे डोळे भरून आले. मामांचं एवढंच काम राहिलं होतं.

धाकट्या मामांनी पावती उलटून पाहिली. "चूक माझीच. दादा मला एका शब्दानं बोलला नाही रे! तुम्ही मात्र त्याचं नाव राखलंत." भंगारवाल्याला त्यांनीच परत पाठवलं आणि खोका स्वतः बसवून दिला.

मुलांनी बाहेर जाऊन घंटा दाबली. मामी धावतच आल्या. दार उघडून त्या मुलांच्या डोक्यांवरून रस्त्याकडे पाहू लागल्या.

"दिवा लागला! कोण आलंय मला न्यायला?"

"आम्हीच, मामी," चष्मिश ओठ सावकाश हलवत म्हणाली.

मामींनी दोघांना पोटाशी धरलं.

"गुणाची गं माझी लेकरं! पण महिनाभर आधी लागायला हवा होता हा दिवा."