अठराव्या तुकड्याची बेरीज

"हलू नका रे! लोड होतंय!"

मावशीचा तो आवाज उलिसेसच्या कानात अजून तसाच होता. चिलीतल्या वाल्दिव्हियातलं लाकडी घर ते, आणि घरात कॅसेटवरून चालणारा जुना संगणक. कोणी जोरात पाऊल टाकलं की टेप हादरायचा, आणि वीस मिनिटं वाट पाहून टीव्हीच्या पडद्यावर येऊ लागलेला प्रोग्राम मान टाकायचा. म्हणून मावशी ओरडली की सगळं घर जागच्या जागी थिजायचं... ओठांपर्यंत गेलेला चहाचा कपसुद्धा.

तोच ओरडा इतक्या वर्षांनी त्याच्या स्वतःच्या तोंडून निघाला, आणि तोही एका अनोळखी मुलीवर. शाळेच्या सभागृहात जुन्या घरगुती संगणकांचं प्रदर्शन भरलं होतं, आणि तो तिथं कॅसेटवरून एक प्रोग्राम लोड करत बसला होता. बाहेर नदीवर पाऊस तिरपा झोडपत होता. ती आडोशाला म्हणून ओल्या बुटांनी धाडधाड आत शिरली, आणि तो ओरडला.

ती एक पाय उचललेला तसाच ठेवून उभी राहिली. खरंच उभी राहिली!

"पाय टेकू का आता?" थोड्या वेळाने तिनं कुजबुजत विचारलं.

"अजून चार मिनिटं."

"चार? मी काय बगळा आहे?"

तो हसला. तीही हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "माझे बाबा अगदी असंच ओरडायचे हो," ती म्हणाली.

तिचं नाव यास्ना बार्रिया. पुढच्या शनिवारी ती त्याच्या घरी आली ती पर्समध्ये एक कॅसेट घेऊन. ती सात वर्षांची होणार होती त्या हिवाळ्यात तिच्या बाबांची होडी कोरालच्या उपसागरात बुडाली. देह मिळालाच नाही. वाढदिवसासाठी त्यांनी तिच्याकरता एक प्रोग्राम लिहून ठेवला होता, तो या कॅसेटवर. पुढे संगणक विकला गेला. आईच्या शिवणाच्या डब्यात कॅसेट तेवढी उरली.

"यात बाबा मला काहीतरी म्हणालेत, प्रोफे. काय म्हणालेत, एवढंच हवंय."

उलिसेस शाळेत गणित शिकवायचा, म्हणून ती त्याला 'प्रोफे', म्हणजे मास्तर, म्हणायची. जुन्या कॅसेटच्या किर्र आवाजातून प्रोग्राम वाचून काढणारं एक साधन त्यानं स्वतः लिहिलं होतं, आणि ते कुठले कुठले लोक वापरायचे. प्रोग्राम टेपवर तुकड्या-तुकड्यांनी असतो. प्रत्येक तुकड्याच्या शेपटीला त्यातल्या आकड्यांची बेरीज लिहिलेली असते. ती जुळली नाही तर इतर साधनं नुसतं 'एरर १४३' म्हणून तोंड फिरवतात. उलिसेसचं साधन तसं करत नसे. सतरा तुकडे सुरळीत आले. पडद्यावर प्रश्न उमटला, 'तुझं नाव काय?' मग उत्तराच्या जागी ओळ आली.

'माफ करा. अठराव्या तुकड्याची बेरीज जुळत नाही. मी अंदाज करणार नाही.'

यास्नानं ती ओळ दोनदा वाचली. "तुमचं यंत्र एवढी माफी का मागतं?"

"माफी मी मागतो. शब्द माझे, ते फक्त निरोप देतं."

मग शनिवारामागून शनिवार. शेगडीवर किटली, बशीत गरम सोपाइपिया, म्हणजे भोपळ्याच्या पुऱ्या, आणि टेपरेकॉर्डरचं तोंड पुसून पुसून तपकिरी झालेला कापूस. दर वेळी टेप थोडी झिजत होती, आणि दर वेळी निरोप थोडा बदलत होता.

'अठरावा तुकडा आजही मुका. बाईसाहेबांनी ओला कोट शेगडीजवळ टाकावा.'

'अठरावा तुकडा सापडला नाही. हिरव्या मफलरमुळे लक्ष विचलित झालं.'

"यंत्राला मफलर दिसतो वाटतं?"

"यंत्राला... नाही दिसत."

ती लाजली नाही. मफलर काढून तिनं त्याच्याच गळ्यात टाकला. "घे. आता नीट बघून काम कर." त्या दिवशी 'तुम्ही' गळून पडलं, ते पुन्हा कोणी उचललं नाही.

पण अठरावा तुकडा बोलला नाही. ऑगस्टच्या शेवटी टेपवरचं तपकिरी लेपनच सुटून आलं. यास्नानं ते बोटाच्या टोकावर घेऊन पाहिलं.

"हे बाबा," ती म्हणाली. "एवढेच उरले. मी आता नाही रे येणार. रोज उठून तेच ऐकायचं, जुळत नाही, जुळत नाही... त्यांना माझ्याशी बोलायचंच नसेल."

ती गेली. दोन दिवस उलिसेसला अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं ते केलं जे आयुष्यात कधी केलं नव्हतं. अठरावा तुकडा त्यानं स्वतःच्या हातानं लिहिला, आणि शेपटीला बेरीजही जुळवून टाकली. त्याच्या साधनानं तो बिनतक्रार गिळला. ना माफी, ना निरोप.

आधीच्या वाचनांतून तुकडा अखेर जुळला, असं सांगून त्यानं तिला बोलावलं. यास्नानं नाव टाइप केलं. पडद्यावर अक्षरं आली:

'यास्ना, तू येतेस तेवढाच दिवस माझा. उशीर झाला तरी चालेल, पण येत जा.'

ती पडद्याला कपाळ टेकून रडली. मग उलिसेसच्या दोन्ही हातांची चुंबनं घेतली. आणि त्याच्याकडे यायची थांबली.

यायचं कशाला? जे हवं होतं ते मिळालं. आता दर शनिवारी ती फुलं घेऊन दफनभूमीत जायची. तिथं बाबांच्या नावाची नुसती एक फळी होती, खाली कोणीच नव्हतं. बाबांनी 'येत जा' म्हटलंय ना! इकडे किटली उकळून उकळून आटायची. आपल्याच शब्दांनी तिला दाराबाहेर काढलं होतं, आणि तक्रार कोणाकडे करणार?

ऑक्टोबरात तिचा फोन आला. "प्रोफे, चल माझ्याबरोबर. तुझ्यामुळेच झालंय हे सगळं."

पाथरवट बेलार्मिनोकाकांच्या अंगणात काळा दगड आडवा टाकला होता. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला सगळं गाव आपापल्या माणसांना फुलं वाहायला जातं, त्याआधी तो फळीच्या जागी बसवायचा होता. दगडावर खडूनं बाबांचं नाव, आणि नावाखाली ते वाक्य... अक्षर न अक्षर.

"सुंदर बोलून गेला गं तुझा बाप," बेलार्मिनोकाका म्हणाले. "बघून घ्या नीट. खडू आहे तोवर काय ते सांगा. एकदा छिन्नी लागली की मी देवाचंसुद्धा ऐकत नाही."

"काही बदल नाही, काका," यास्ना म्हणाली. किती दिवसांनी तिचा चेहरा असा निवांत दिसत होता! तिनं उलिसेसचा हात धरला. "हो ना रे?"

गप्प राहिलो तर हा हात राहील, उलिसेसच्या मनात आलं. रोज राहील, कदाचित जन्मभर राहील. आणि दर वर्षी ती या दगडापुढे गुडघे टेकेल, माझ्या खोट्यापुढे.

काकांनी छिन्नी पहिल्या अक्षरावर ठेवली.

"थांबा," तो म्हणाला.

"काय झालं?" यास्नानं विचारलं.

त्यानं तिचा हात सोडला. तिनं तो झटकण्याआधी आपणच सोडलेला बरा.

"तुकडा कधी वाचताच आला नाही, यास्ना. मी लिहिला तो. बेरीजही मीच जुळवली. तुझे बाबा काय म्हणाले ते मला ठाऊक नाही, आता कोणालाच कधी कळणार नाही. आणि हे जे लिहिलंय ना..." त्यानं खडूच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे मी म्हणत होतो. तुला."