खिडकीकडे तोंड केलेली खुर्ची

ही गोष्ट कुणाच्या मित्राच्या मित्राकडून आलेली नाही. माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात घडली आहे. तिनेच मला समोर बसवून सांगितली. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी ठरवायचं सोडून दिलंय.

आणि रात्रीची वाट बघू नका. जे झालं ते भर दुपारी झालं.

दुसऱ्या मजल्यावरचं कोपऱ्यातलं घर. समोर रस्त्यापलीकडे वेल्डिंगचं दुकान. हॉलच्या मोठ्या खिडकीतून ऊन थेट आत यायचं. उन्हाळा नुकताच लागला होता.

मावशीच्या हातात कला होती आणि नव्या कोऱ्या वस्तूंवर तिचा राग होता. "नवीन काय, कुणीही आणतं," असं ती नाक उडवून म्हणायची. तिच्या हॉलमध्ये दुकानातून आलेली एक वस्तू सापडली नसती. मोडक्या कपाटाचे खण भिंतीला ठोकून त्यात पुस्तकं. कुणीतरी फेकलेल्या खिडकीच्या चौकटीत आरसा. काकांच्या जुन्या शर्टांची उशांना कव्हरं, तीही बटणांसकट.

"एक दिवस मलाही पॉलिश पेपर मारून कोपऱ्यात उभा करशील," काका म्हणायचे.

"करेन की. आधी वाळवी लागलीय का ते बघू दे."

लोक मुद्दाम घर बघायला यायचे. मावशी फोटो काढून सगळ्यांना पाठवायची आणि दिवसभर कौतुक वाचत बसायची.

त्या हॉलमधली एकच गोष्ट तिला खुपायची.

सासूबाई.

सासूबाई पडल्या, मांडीचं हाड मोडलं, तेव्हापासून त्या इथेच होत्या. धरून बसवल्याशिवाय बसता यायचं नाही, धरून उठवल्याशिवाय उठता यायचं नाही. आवाज मात्र ठणठणीत.

"सूनबाई, पाणी."

"सूनबाई, पंखा कमी कर."

"अगं, आहेस का घरात?"

मावशी गॅसपाशी गेली की हाक. आंघोळीला गेली की हाक. हातात ब्रश घेतला की मग तर हमखास हाक. मावशी तोंडाने कधी वाकडं बोलली नाही. सगळं करायची. पण करताना दात आवळलेले असायचे. एकदा डब्यात रंग ढवळताना ती स्वतःशीच पुटपुटली, "हिचा आवाज तेवढा बंद होऊ दे. बाकी काही नको मला."

त्याच आठवड्यात तिला ती खुर्ची मिळाली.

भंगारवाल्याच्या गोदामात तिची जुनी ओळख. चांगला माल आला की तो तिच्यासाठी बाजूला काढून ठेवायचा. ही खुर्ची त्याने काढून ठेवली नव्हती. फाटक्या गाद्यांच्या मागे, भिंतीकडे तोंड करून पडली होती. उंच पाठ, रुंद लाकडी हात, वजनाला भरभक्कम. कापड तेवढं कुजलेलं.

मावशीने तिला सरळ केलं आणि बसून पाहिलं.

"दादा, ही कुठली हो?"

भंगारवाला समोरच तारांची भेंडोळी सोडवत होता. त्याने वरही पाहिलं नाही.

"अहो दादा!"

काही नाही.

मावशी ओरडली. अक्षरशः ओरडली. तो शांतपणे तार सोडवत राहिला...

ती तणतणत उठून त्याच्यापाशी गेली. "बहिरे झालात का?"

"मी?" तो चकित. "तुम्हीच मघापासून गप्प बसलाय. म्हटलं, बाईंना चक्कर आली की काय."

मावशीला वाटलं, गंमत करतोय.

"एका बंगल्यातून आली," तो म्हणाला. "म्हातारी गेली, दुसऱ्याच दिवशी मुलांनी सामान बाहेर काढलं. न्या तुम्ही. कुणी घेत नाही."

"का बरं?"

"काय माहीत. बसतात... आणि उठून जातात."

घरी आणून मावशीने कापड उसवलं. खालचा काथ्या काढला. खिळे एकेक करून उपटले. आणि पाठीच्या चौकटीला मागून ठोकलेला एक जाड पट्टा तिच्या हाताला लागला. दोन्हीकडून पुढे येऊन पोटावर आवळता येईल असा. मधोमध कापलेला.

मग तिने खुर्ची उलटी केली.

दोन्ही हातांच्या खालच्या बाजूला, जिथे बसणाऱ्याची बोटं वळतात, तिथे लाकडात चर पडले होते. चार इकडे. चार तिकडे. हत्याराचे नव्हते. बोट घालून पाहिलं तर बरोबर बसत होतं.

मावशीला काय ते कळलं. "त्याच क्षणी कळलं," असं ती मला म्हणाली.

तिने चरांत पुट्टी भरली. वाळल्यावर घासून सारखं केलं. वर मोरपंखी रंगाचे दोन हात दिले. जुन्या पडद्याचं हळदी रंगाचं कापड ताणून बसवलं. पट्टा मजबूत होता, टाकायचा कशाला... त्याचे तिने एका टोपलीला कान केले.

खुर्ची अशी देखणी झाली की काकांनी शीळ घातली. "आईला बसवू या यात. ऐसपैस आहे."

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर मावशीने सासूबाईंना खुर्चीत बसवलं आणि ती भांडी घासायला आत गेली.

भांडी झाली. हाक नाही.

ओटा पुसून झाला. हाक नाही.

झोप लागली वाटतं, म्हणून मावशीही आडवी झाली. कित्येक महिन्यांनी दुपारची झोप मिळाली तिला. उन्हं कलल्यावर उठली, हॉलमध्ये गेली...

सासूबाई जाग्या होत्या. चेहरा रडून सुजलेला. कपडे ओले, खालची गादी ओली. हाताला धरून उठवल्यावर पहिला शब्द फुटला, तोही चिरका.

"घसा फुटला गं माझा ओरडून. का नाही आलीस?"

"आई, मी इथेच होते. हाक ऐकू नाही आली मला."

सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. "ऐकू नाही आली, की ऐकली नाहीस?"

मावशीला ते लागलं. दुसऱ्या दिवशी तिने त्यांना पुन्हा तिथेच बसवलं आणि आत जायच्या ऐवजी दाराशी उभी राहिली.

थोड्या वेळाने सासूबाईंचे ओठ हलले. मग तोंड उघडलं. मग मोठं उघडलं. मानेच्या शिरा तटतटल्या.

आवाज नाही.

समोरचं वेल्डिंग ऐकू येत होतं. नळाचं टपटपणं ऐकू येत होतं. खाली कुणीतरी चप्पल ओढत गेलं, तेही आलं. पण चार पावलांवर एक म्हातारी जिवाच्या आकांताने ओरडत होती आणि तिच्या तोंडातून काही म्हणजे काही बाहेर पडत नव्हतं.

मावशी पुढे झाली. खुर्चीच्या हातावर हात ठेवला...

आणि आवाज कानावर आदळला. "सूनबाई! सूनबाई! अगं कुणी आहे का!"

त्या आवाजाच्या मागे अजून एक आवाज होता. दुसऱ्याच कुठल्या बाईचा. घोगरा, संथ, पार थकलेला. "कुणी आहे का... पाणी... कुणी आहे का..."

मावशीने झटका बसल्यासारखा हात काढला.

पुन्हा शांतता.

आता तुम्ही म्हणाल, तिने खुर्ची त्याच दिवशी फेकून दिली असेल. तुम्ही फेकली असती. मीही फेकली असती.

मावशी आत गेली आणि ओट्याला धरून उभी राहिली. घर शांत होतं. किती शांत... चहा उकळल्याचा आवाज येत होता. तिने तो चहा गाळला आणि बसून प्यायली.

चुकून काही झालं असं मी म्हणणार नाही. माणूस चुकतो तो नकळत. मावशीने जाणूनबुजून केलं.

त्यानंतर रोज दुपारी सासूबाई खुर्चीत. पुढे पुढे सकाळीही. पहिले काही दिवस मावशी पाण्याचा पेला हाताशी ठेवायची. नंतर विसरायला लागली. त्यांचं उघडं तोंड बघवेना, म्हणून तिने खुर्ची फिरवली. खिडकीकडे तोंड, हॉलकडे पाठ. उजेडात हळदी रंग आणखी खुलून दिसायला लागला.

सासूबाई हातापाया पडायच्या. "तिथे नको गं. पलंगावर पडून राहते, हूं की चूं करणार नाही. तिथे ती असते."

"कोण ती?"

"मागून धरते. कानाशी बोलते. म्हणते, ओरडू नको बाई, मी ओरडून पाहिलंय."

मावशीने त्यांच्या काखेत हात घातले आणि त्यांना खुर्चीत बसवलं.

संध्याकाळी सासूबाईंनी लेकाला सगळं सांगितलं. काकांनी आईच्या कपाळाला हात लावून पाहिला. "औषधांनी होतं असं. डॉक्टर म्हणालेच होते." आणि नंतर स्वयंपाकघरात येऊन मावशीला म्हणाले, "आई हल्ली खूप शांत झालीय. तुझ्यामुळे."

मावशी गोड हसली.

मग तो दिवस आला. शेजारच्या तिघीचौघी हॉल बघायला येणार होत्या. मावशीने सकाळीच सासूबाईंना खुर्चीत बसवून टाकलं. खिडकीच्या कट्ट्यावर पाणी ठेवलं. हात पोचणार नाही इतकं लांब. आपण मुद्दाम लांब ठेवलं की घाईत, ते तिला आजही सांगता येत नाही.

बायका आल्या. आरसा पाहिला, उशांची बटणं मोजली, हसल्या. चहा झाला.

"सासूबाई किती गुणी हो तुमच्या," एक म्हणाली. "आहेत की नाहीत, कळतसुद्धा नाही. आमच्याकडे तर नुसता भोंगा!"

सगळ्या खळखळून हसल्या.

तेवढ्यात त्यातल्या एकीने कप खाली ठेवला. "अगं... ती खुर्ची हलतेय का?"

हलत होती. पाठमोरी, जड खुर्ची गदगदा हलत होती. आवाज न करता.

मावशीने तिकडे पाहिलं. एकच क्षण.

"डुलतात त्या," ती म्हणाली. "सवय आहे त्यांना. अजून थोडा चहा?"

थोड्या वेळाने खुर्ची हलायची थांबली.

बायका गेल्यावर मावशीने कप उचलले, धुतले, पालथे घातले. मगच ती खिडकीपाशी गेली आणि खुर्ची फिरवली.

सासूबाईंचं तोंड उघडं होतं. इतकं उघडं की जबडा खाली आला होता. डोळे पाण्याच्या पेल्यावर. बोटं खुर्चीच्या हाताखाली वळलेली... आणि मांडीवर, जमिनीवर पुट्टीचा पांढरा भुगा. सगळे चर उकरून मोकळे केले होते. काही ठिकाणी लाकडात नखं राहिली होती.

डॉक्टरांनी हृदय बंद पडलं असं सांगितलं. डॉक्टर यायच्या आत मावशीने बोटं पुसली होती. काका रडत रडत सगळ्यांना सांगत होते, "झोपेत गेली. हूं नाही की चूं नाही."

खुर्ची आईची आठवण म्हणून ठेवायची, असा त्यांचा हट्ट होता. ते कामावर गेल्यावर मावशीने ती भंगारवाल्याकडे परत पाठवली. खिडकीपाशी नुसतं ऊन पडायला लागलं.

काही दिवस गेले. मावशी दुपारी पडली होती. डोळा लागतोय न लागतोय...

"सूनबाई, पाणी दे गं."

मावशी ताडकन उठली. हॉलमध्ये कुणी नव्हतं.

"सूनबाई... झोपलीस का?"

आवाज खिडकीपाशच्या रिकाम्या जागेतून येत होता. स्वच्छ, ठणठणीत. सुट्टीचा दिवस, काका शेजारी घोरत होते. त्यांना काही नाही.

ती संध्याकाळ होईपर्यंत ऐकत राहिली. "कपडे ओले झाले गं माझे. लाज वाटते. ये ना." आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं. या त्या पहिल्या दुपारच्या हाका होत्या. तिने झोपेत घालवलेल्या त्या दुपारच्या. हाका पोचायला उशीर झाला होता, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दुपारच्या आल्या. मग तिसऱ्या. एकही गाळली गेली नाही. ती घराबाहेर गेली तरी यायच्या. कानात कापूस घातला, गाणी लावली, गावाला बहिणीकडे जाऊन राहिली. त्या येतच राहिल्या. शिव्या होत्या, विनवण्या होत्या. एका दुपारी तर सासूबाई नुसत्या तिच्या हातच्या रंगकामाचं कौतुक करत होत्या. तेवढ्याने तरी ती येईल म्हणून.

मावशी ऐकायची आणि दिवस जवळ येताना बघायची.

शेवटी ती सकाळ आली. "कोण आलंय गं? अहो बाई... तुम्ही तरी इकडे बघा. बाई..." मावशीने शर्टाच्या उशा कानांवर दाबून धरल्या. उपयोग शून्य.

"अगदी शेवटी काय म्हणाल्या?" मी विचारलं.

मावशीने मांडीवरच्या उशीचं सुटलेलं बटण लावलं. मग म्हणाली, "शेवटी तिने मला हाक मारलीच नाही. तिने तिच्या आईला हाक मारली."

त्यानंतर सगळं थांबलं. मावशी जेवायला लागली, झोपायला लागली. नवा रंगही आणला तिने.

हे सांगताना ती माझ्यासमोर बसली होती. बाहेर लख्ख ऊन. बोलता बोलता तिने मान कलती केली. उठली. पेल्यात पाणी ओतलं आणि खिडकीपाशी जाऊन, रिकाम्या जागेसमोर तो पेला धरून उभी राहिली.

"मावशी, आता काय? संपल्या ना?"

"तिच्या संपल्या," मावशी म्हणाली. "आता दुसरीच्या सुरू झाल्यात."

मला त्या घोगऱ्या आवाजाची आठवण झाली. "ती... ती किती वर्षं बसली होती गं त्या खुर्चीत?"

मावशीने ओठांवर बोट ठेवलं.

मी तिथून निघालो तो पुन्हा गेलो नाही. भंगारवाल्याकडे मात्र जाऊन आलो. खुर्ची कधीच विकली गेली होती. रंग आवडला म्हणे कुणाला तरी.

हल्ली रोज दुपारी मला मावशीचा फोन येतो. मी उचलत नाही. तिच्या बोलण्यामागे अजून कुणी बोलत असेल, तर ते मला ऐकायचं नाही.

आत्ताही वाजतोय...