हरणीच्या ओठावरचा लाल डाग

"हरणीने मिरची खाल्लीच नाही," दीपमाला म्हणाली. "खाल्ली असती तर ही पाण्याची बादली कधीच रिकामी झाली असती. बघा, भरलेलीच आहे."

तिच्या धाकट्या भावाने, भाग्येशने, वाकून बादलीत पाहिलं. आतेबहीण काजल गोठ्याच्या दाराशी पहारा देत होती. तांबूस घोडी हरणी कोपऱ्यात उभी होती आणि तिच्या ओठाच्या कडेला ओला लाल डाग होता. घोडीला शिकवणाऱ्या भटूने सकाळी सांगितलं होतं की तिने वाळत घातलेल्या मिरच्यांत तोंड घातलं. गोठ्यामागे मिरच्यांच्या पथाऱ्या पसरलेल्याच होत्या, म्हणून मोठ्यांनी ते लगेच मान्य केलं.

"हे रक्त आहे," दीपमाला हळूच म्हणाली.

दीपमालाच्या वडिलांनी, भूपेंद्रआबांनी, हरणीला सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलं होतं. वरातीत नाचायला शिकवण्यासाठी भटूला ठेवलं. पण लगाम दिसला की ती मागच्या पायांवर उभी राहायची. काल तिने आबांनाच पाडलं. "येडी घोडी शे. आज व्यापारी ली जाई," त्यांनी सांगून टाकलं होतं.

दीपमालाजवळ मात्र तीच घोडी वेगळी वागायची. नाताळच्या सुट्टीला नंदुरबारहून आलेल्या काजलने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला होता. घोड्यावर बसायचंच नाही, आधी जमिनीवर उभं राहून त्याच्याशी ओळख करायची. तिघांनी आवारात ते करून पाहिलं. लगाम नाही, फक्त तोंडात कडी नसलेली, डोक्यावरून बांधायची सुती मोरकी आणि लांब दोर. सुरुवातीला हरणीने दीपमालाला फरफटत नेलं, कोपरं सोलून निघाली. मग दीपमालाला कळलं, इथे ओढाओढी कामाची नाही. दोर हलकेच ताणायचा आणि घोडीने पाऊल उचललं की लगेच सैल सोडायचा. हळूहळू हरणी तिच्याभोवती गोल फिरू लागली, नुसत्या बोटाच्या खुणेने मागे सरकू लागली. शेवटी तर दीपमाला पाठ फिरवून चालू लागली की दोर न ओढताही ती मागून यायची.

"मोरकीत शहाणी आणि लगामात वेडी," काजल म्हणाली. "मग खोट लगामातच असणार."

"पण भटूदादा लगामाला कुणाला हात लावू देत नाही," भाग्येश म्हणाला. "पिशवीत घालून घरी नेतो."

तेवढ्यात बाहेर पिकअप थांबली. व्यापारी आला होता. भटू पिशवी घेऊन गोठ्यात शिरला.

दीपमाला धावत आबांकडे गेली. "आबा, आधी लगाम दखी ल्या ना."

"तू मधमा बोलू नको, बेटा."

भटूने लगाम चढवला, हरणीला बाहेर आणलं आणि पाठीवर झेप घेतली. त्याने लगाम खेचताच ती किंचाळली आणि मागच्या पायांवर उभी राहिली. भटू धुळीत पडला. घोडी मिरच्या उधळत पथाऱ्यांवरून सुसाट निघाली. मिरच्या निवडणाऱ्या बायका खोकत पदर तोंडाला लावून बाजूला पळाल्या. आबा, व्यापारी आणि गडी काठ्या घेऊन मागे धावले. शेतापलीकडे रेल्वेचा रूळ होता आणि लांबून सुरतकडे जाणाऱ्या गाडीचा भोंगा ऐकू येत होता.

"ते तिला रुळावरच हाकताहेत," दीपमाला म्हणाली. "त्यांना अडवा."

भाग्येश आणि काजल आडव्या वाटेने पळाले आणि बांधावर हात पसरून उभे राहिले. "मामा, पुढे येऊ नका," काजल धापा टाकत म्हणाली. "तुम्ही मागे लागलात म्हणून ती तिकडे पळतेय."

आबा थबकले. "दीपी तठे एकली शे."

"तिला एकटीलाच जाऊ द्या."

दीपमाला धावत नव्हती. ती बाजूने वळसा घेऊन रुळाजवळ पोहोचली. हरणी खडीवर थरथरत उभी होती, तोंडातून लाल फेस गळत होता. दीपमालाने घोडीच्या डोळ्यांत पाहिलं नाही, लगामाकडे हात नेला नाही. पाठ फिरवली आणि शेताकडे सावकाश चालू लागली.

मागे खडी वाजली. मग काहीच नाही.

भोंगा जवळ आला. वळून पाहावंसं फार वाटत होतं, पण ती चालत राहिली. आणि मग मऊ मातीवर टापेचा आवाज आला. पाठोपाठ दुसरी टाप. गाडी धडधडत गेली तेव्हा हरणी दचकली, पण तिचं नाक दीपमालाच्या पाठीला टेकलेलं होतं.

बांधाजवळ सगळ्यांसमोर दीपमालाने लगामाचा पट्टा सोडला, तोंडातली कडी अलगद काढली आणि आबांच्या हातावर ठेवली. कडीला बारीक तार गुंडाळलेली होती, टोकं वर काढलेली. आबांनी अंगठा फिरवला आणि अंगठ्यातून रक्त आलं.

"भटू, हाई काय शे?"

भटूने मान खाली घातली. "लवकर नाचाले शिकी म्हनीसन..."

"तू जाय. परत इकडे येऊ नको."

व्यापाऱ्याने पिकअप रिकामीच वळवली. आबांनी गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. मग ते दीपमालाकडे वळले. "आम्ही एवढा मोठा लोके काठ्या लिसन धावनूत, आनि घोडी वाचाडी तुम्ही तिन्हीस्नी." त्यांनी हरणीच्या मानेकडे हात नेला. ती एक पाऊल मागे सरली. त्यांनी हात खाली घेतला.

"मन्हावर तिना इस्वास नही."

"बसेल, आबा. घाई नको."

आबा म्हणाले, "उद्या सकाळी माले उठाड. दोर कसा धरना, ते माले बी शिकाड."