ड्युटीवर पान्सित नको

"थांबा! काय आहे त्या परडीत?"

वॉर्डाच्या दारात डॉक्टर रिआलिन त्या माणसावर जवळजवळ आदळलीच. त्याच्या हातात केळीच्या पानानं झाकलेली परडी होती, आणि पानाखालून लसूण-कोलंबीचा असा वास येत होता की तिला कालपासूनची भूक आठवली.

"लांब शेवयांचं पान्सित," तो हसून म्हणाला. "आज नानायचा वाढदिवस आहे ना… माझ्या आईचा. ती काय, खिडकीजवळच्या खाटेवर."

"पान्सित? ड्युटीवर? अहो, वेड लागलंय का तुम्हाला!"

झालं! नर्स देलिया हातातलं काम टाकून धावत आली. सामार बेटाच्या किनाऱ्यावरच्या त्या लहानशा इस्पितळात एक वेळ सलाईन संपेल, दिवे जातील, पण हा नियम कुणी मोडत नसे. डॉक्टरच्या ड्युटीवर पान्सित आलं, की त्याच्या शेवयांइतकी लांब पेशंटांची रांग लागते!

"आणि वाढदिवसाला पान्सितची शेवई न तोडता खाल्ली नाही तर आयुष्य तोकडं होतं, त्याचं काय?" तो जागचा हलेना. शाळामास्तर होता तो, एल्मर नावाचा. वाद घालायची सवयच. "तुमची रांग मोठी, की माझी आई?"

रिआलिनला हसू येत होतं… पण हसायलाही अंगात त्राण लागतं. कालपासून ती उभीच होती. एकेका खाटेवर दोन-दोन पेशंट, आणि डॉक्टर ती एकटी.

"व्हरांड्यात खायचं," तिनं बजावलं. "आत एक शेवई येता कामा नये."

"पोरी, तूही दोन घास खा गं," नानाय खाटेवरून म्हणाली. "आमची आयुष्यं तू लांबवतेस. तुझं कोण लांबवणार?"

"नंतर खाईन, नानाय." नंतर म्हणजे कधी, ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

आणि दुपारी वळणावर प्रवाशांनी खच्चून भरलेली जीपनी गाडी उलटली. माणसांवर माणसं येत राहिली. देलियानं सगळं खापर मास्तरवर फोडलं. "बघितलंत? खा आता पान्सित!"

त्यांत एक म्हातारा कोळी होता, श्वास घेता येत नव्हता त्याला. रिआलिननं घशात नळी घातली. पण श्वासाचं यंत्र कधीचं बंद पडलेलं; अशा वेळी रबरी फुगा हातानं दाबत बसायचं, आणि ते काम नातेवाइकांचं. म्हाताऱ्याचे नातेवाईक दूरच्या बेटावर.

"मी दाबतो," एल्मर पुढे झाला. "पान्सित माझं, पाप माझं."

तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. "दाबा… सोडा… थांबा, श्वास बाहेर येऊ द्या… आता दाबा. घाई नको."

"असा हात धरून शिकवलंत तर उशीरच लागेल शिकायला."

"मास्तर, लक्ष फुग्याकडे!"

"तिकडेच आहे हो… डॉक्टर, तुमचा हात थरथरतोय."

तिनं झटकन हात काढला. मग काय झालं कोण जाणे, भिंतीला टेकून ती खाली बसलीच. "शनिवारी चाललेय मी," ती हळूच म्हणाली. "मनिलाला. कायमची. कुणाला सांगू नका… थांबा म्हणतील सगळे."

तो दाबत होता, सोडत होता.

"तुम्ही नाही म्हणणार, थांबा?"

"ज्या हातांना साधा पेलाही धरवणार नाही, त्यांना थांबा कसं म्हणू? आधी झोपा तरी. मी इथंच आहे."

इतक्या दिवसांत असं कुणी म्हटलंच नव्हतं. तिला रडू फुटलं, आणि रडतारडताच तिचा डोळा लागला.

नानाय घरी गेली, तरी मास्तर शाळा सुटली की मोटारसायकलवरून यायचा. कोळ्याचे नातेवाईक येऊन पोचले, तरी यायचा. म्हातारा स्वतःचा श्वास घ्यायला लागला, त्या दिवशी देलियानंच मास्तरच्या पाठीवर थाप मारली.

शनिवारी बसथांब्यावर रिआलिन पिशवी घेऊन उभी. समोरून मास्तर आला, हातात तीच परडी.

"आता तर ड्युटीवर नाही ना?"

"नाही. रजेवर आहे." तिनं त्याच्याकडे पाहिलं. "जिल्ह्याच्या मोठ्या डॉक्टरांशी भांडले मी, मास्तर. दुसरा डॉक्टर आणा, नाहीतर मीही परत येणार नाही, म्हटलं. शेजारच्या बेटावरून देतायत एक. मी आता आईकडे जाऊन नुसती झोपणार."

"आणि मग?"

"मग परत. पण ड्युटीनंतर घरी तुम्ही सोडायचं, आणि मोटारसायकलवर मला झोप लागते हं…"

"लागू दे की! पाठ रुंद आहे माझी." त्याचा आवाज एकदम खाली आला. "रिआलिन… जन्मभर टेकशील का?"

नेमका तेव्हाच तिनं परडीतल्या पान्सितचा पहिला मोठा घास घेतला होता. शेवई लांबच लांब, संपेना! तोडावी तर आयुष्य तोकडं. बसचा ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारतोय, मास्तरच्या कपाळाला घाम…

"हो, की नाही? काहीतरी सांग गं!"

तिनं त्याचा हात धरला. दाबला… सोडला… श्वासभर थांबली… आणि पुन्हा दाबला.