पाहुण्याचं पाणी

पहिली पाळी संपवून भोसरीहून घरी आले, तर आमच्या धुण्याच्या दोरीखाली एक माणूस उकिडवा बसून जमिनीत गिरमिट फिरवत होता.

“काय पुरलंय काय तिथं?”

“पुरलंय की... तुम्ही नाही, कंपनीनं.” त्यानं मूठभर माती वर काढली. निळी-हिरवी, नाकात जाणारी.

पवनेकाठची ही रंगाची कंपनी तीन वर्षांपूर्वी बंद पडली. मालक गेला, रंग राहिला. आमची वीस घरं तिच्या भिंतीला लागून. आता त्या जागेचे प्लॉट पाडायचे होते, म्हणून सरकारनं माती आणि आमच्या विहिरीचं पाणी तपासायला ह्याला धाडला होता. नाव ज्योतीराम, गाव लातूरकडचं, नोकरी टेंपररी, आणि हसला की डाव्या गालावर खळी. एवढं मला तिसऱ्या दिवशीच माहीत झालं होतं. कसं, ते विचारू नका.

“रोज माझ्याच धुण्याखाली बरी माती सापडते तुम्हाला!”

“इथं सावली हाय... अन् शिव्या फुकट.”

मी ओला पदर असा झटकला, की त्याची वही भिजली. तो हसला. मीही — जरा.

महिन्याभरानं कंपनीच्या गेटवर नोटीस लागली. विहिरीचं पाणी पिण्यास योग्य. म्हणजे मातीतलं विष खाली उतरलेलं नाही. म्हणजे प्लॉट पाडा. आणि आम्ही मागितलेल्या नळाची काही गरज नाही.

पिण्यास योग्य! त्या पाण्यानं माझ्या भावाच्या, भीमराजच्या पायाची सालं निघत होती.

मी तडक त्याचं ऑफिस गाठलं. “कुणी विकत घेतलं तुम्हाला? तोंड वर करून सांगा!”

सगळं ऑफिस बघायला लागलं. त्याचा चेहरा पांढराफटक. “मी तपासलं तेच लिहिलं, कस्तुरा. पाणी खरंच चांगलं होतं. त्या दिवशी गिरमिट अडकलं, ते सोडवत होतो, म्हणून विहिरीच्या बाटल्या तुमच्या आईनंच भरून आणल्या...”

घरी आले. आई भाकरी थापत होती.

“आई, त्या बाटल्या कुठून भरल्यास?”

“पलीकडच्या कंपनीच्या नळावरनं. आर्धा मैल गेले उनाची.”

“अगं, विहिरीचं मागितलं होतं!”

“पाव्हण्याला हिरवं पानी देऊ व्हय?” तिचा हात थांबला. “जल्मात पयल्यांदा कुन्या सायबानं आपल्या हातचं पानी मागितलं, कस्तुरे.”

“तपासायला मागितलं, आई. प्यायला नाही!”

“मागितलं न्हवं?”

मी भिंतीवर डोकं आपटायचं बाकी ठेवलं. तिच्यावर काय चिडू? ज्यांनी जन्मभर तिच्या हाताचा विटाळ मानला, ते सगळे मला एका रांगेत उभे हवे होते.

दुसऱ्या दिवशी ज्योतीरामला सगळं सांगितलं. “नमुना स्वतःच्या हातानं घ्यायचा, हा पहिला नियम. तो मी मोडला. लिहून दिलं तर... नोकरी जाईल.”

“आणि नाही दिलं तर वीस घरं हेच विष पीत राहतील. आईचं नाव आलं ना कागदावर, तर बघा!”

“आईचं कामून येईल? चूक माझी हाय.”

माझ्यासमोर लिहिलं त्यानं. मग विहिरीवर आला. पोहरा जड होता. दोर दोघांनी ओढला. त्याचा हात माझ्या हातावर आला... आणि राहिला. वर आलेलं पाणी हिरवं होतं.

नव्या अहवालानं नोटीस उतरली, प्लॉट थांबले. आठवड्यात ह्यालाही घरी बसवलं. तरी संध्याकाळी आला. हातात ना वही, ना गिरमिट.

“आता कशाला आलात? तपासणी संपली.”

“तपासणी संपली... मी...”

“मी काय? ऑफिसला लिहून देताना पेन अडलं नाही, आता जीभ का अडते?”

“तुमच्याशी लग्न करायचंय. शिव्यांसकट.”

मी दोरीवरचं वाळलेलं धुणं पुन्हा पिळायला लागले. आतून आईच ओरडली, “अगं, हो म्हन की! का म्या म्हनू?”

लग्न होऊन दोन वर्षं झाली. तो आता भोसरीत एका वर्कशॉपात आहे. नळ मात्र अजून आलेला नाही. दर सोमवारी आम्ही दोघं सुट्टी टाकून त्याच ऑफिसात जाऊन बसतो. साहेब आम्हाला बघून मागच्या दारानं निघतात. म्हणून हल्ली मी पुढच्या दाराशी बसते, आणि हा मागच्या.