फासळ्यांची दुसरी रांग

मंचरच्या पुढं, हायवेलगत एका ट्रस्टचा कॅन्सरचा दवाखाना होता. २००८ सालच्या जानेवारीत आरती तिथं फिजिसिस्ट म्हणून कामाला होती. डॉक्टरांनी लिहून दिलेले किरण पेशंटला तेवढेच मिळतात का, हे बघणं तिचं काम. मशीनमधून सुटलेले किरण अंगातून आरपार जात आणि टेबलाखालच्या पाटीवर पडत. पाटीवर काळंपांढरं चित्र उमटे, आणि किती किरण पोचले त्याचा आकडाही मिळे.

डिंभ्याचा कुशाबा फुफ्फुसाच्या कॅन्सरसाठी येई. धरणावर मासे धरणारा, पन्नाशी उलटलेला, अबोल माणूस. तो दिवसेंदिवस वाळत चालला होता. माणूस वाळला की किरण जास्त पार होतात, आकडा वाढतो. कुशाबाचा आकडा मात्र घटत होता. पहिल्या आठवड्यात जरासा. तिसऱ्या आठवड्यात इतका, की टेबलावर जणू दोन माणसं झोपली होती.

पाटी बिघडली असेल म्हणून आरतीनं जेवणाच्या सुट्टीत टेबलावर माणसाऐवजी प्लॅस्टिकच्या लाद्या रचून मशीन तपासलं. आकडे चोख आले.

"मशीन ठणठणीत हाय, मॅडम," मशीन चालवणारा गोरख म्हणाला. "ह्या पेशंटपुरतंच असं व्हतंय."

दुपारी कुशाबाला टेबलावर निजवलं. जाडजूड दार सरकत बंद झालं. बाहेरच्या टीव्हीवर तो एकटाच दिसत होता, छताकडं बघत पडलेला. मशीनची घरघर सुरू झाली आणि शेजारच्या पडद्यावर चित्र उमटू लागलं. आधी कुशाबाच्या रुंद फासळ्या. मग त्यांच्यावर, जरा तिरकी, बारीक फासळ्यांची दुसरी रांग. काडीएवढ्या हाडांचे दोन हात त्याच्या बगलेखालून पाठीकडं गेलेले...

गोरखनं झटक्यात मशीन बंद केलं. "मॅडम... हे तर लेकरू हाय."

आरती आत गेली. एरवी त्या खोलीत स्पिरिटचा वास असायचा. आज शेवाळलेल्या पाण्याचा होता.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "छातीवर काही जाणवतं का तुम्हाला?"

कुशाबानं छताकडची नजर तिच्याकडं वळवली.

"दिसली व्हय तुमाला?" तो म्हणाला. "नात हाय माझी. समृद्धी. सात वर्सांची... गेल्या आखाडात होडी उलटली. पोरीनं मला मिठी मारली. दोघं बी बुडत व्हतो, ताई. मी तिचं हात सोडवलं. पोराला सांगितलं, पाण्यानं वढून न्हेली."

आरतीला हिशेब माहीत होता. गाठीपर्यंत निम्मेसुद्धा किरण पोचत नव्हते.

"बाबा, असंच चाललं तर गाठ जायची नाही. किरण वाढवावे लागतील."

"त्ये आदी तिच्या अंगातनं जात्यात?"

आरतीनं होकारार्थी मान हलवली.

कुशाबा हळूहळू उठून बसला. उठताना त्यानं एक हात छातीशी असा धरला, जसा निजलेल्या लेकराच्या पाठीला आधार देतात. "मग ऱ्हाऊ द्या. एकदा सोडवलं तेवढं लई झालं."

डॉक्टरांनी समजावलं, पोरानं पाय धरले, पण तो परत आला नाही. होळीच्या आधीच डिंभ्याहून निरोप आला, कुशाबा गेला.

आरतीनं ते चित्र कुणाला दाखवलं नाही. पुढं दोन वर्षं पाटीवर सगळं सुरळीत होतं. तिला वाटलं, आजा नातीला घेऊन गेला.

२०१० च्या जूनमधली सकाळ. पहिल्या पेशंटआधी रोज रिकाम्या टेबलावर मशीनची तपासणी व्हायची. टेबलावर साधी चादरही नव्हती. आकडा कमी आला. आरतीनं चित्र उघडलं.

फासळ्या होत्या. एकच रांग. तिनं पडद्यावर मोजमाप घेतलं, पुन्हा घेतलं. त्या सात वर्षांच्या पोरीच्या फासळ्या नव्हत्या. नऊ-दहा वर्षांच्या पोरीच्या होत्या.

पोर वाढत होती. आणि कुणाला तरी कवेत घ्यावं तसे तिचे दोन्ही हात वर पसरलेले होते.

बाहेर गोरखनं पहिल्या पेशंटचं नाव पुकारलं.