चौदा पेरांचा पंजा

पितळ कोरडंच कापायचं असतं. तेल नको, पाणी नको. हत्याराला धार असली की पिवळा कीस सुयांसारखा उडतो आणि बाहीत शिरून दिवसभर टोचत बसतो. चाळीस वर्षं मी हेच करत आलोय, त्यामुळे टोचणाऱ्या गोष्टींची मला सवय आहे. डॉक्टर आला तेव्हा मी बाहीतला कीसच वेचत होतो.

हा डॉक्टर दातांचा. दिवसभर लोकांची तोंडं उघडी ठेवतो आणि संध्याकाळी स्वतःचं मिटत नाही. जुन्या सिनेमांतल्या वस्तू हुबेहूब बनवून घ्यायचं त्याला वेड आहे. या खेपेला त्याला एका मूकपटातला धातूचा पंजा हवा होता. त्यातला खलनायक खून करायला निघताना तो उजव्या हातावर चढवतो म्हणे. मूळ पंजा कधीच भंगारात गेलेला. हाताशी होते ते धुरकट आठ फोटो.

"काका, प्रत्येक सांधा हलला पाहिजे."

"हलेल."

"आणि मला तो कपाटात उघडा ठेवायचाय. बोटं पसरलेली."

"डॉक्टर, तुम्ही दात काढता तेव्हा मी शिकवायला येतो का?"

तो हसला. मी हसलो नाही. मला माणसं आवडत नाहीत आणि ते लपवण्याचे कष्टही मी घेत नाही. काम मात्र मला आवडलं. अंगठ्याची दोन पेरं, बाकी बोटांची तीन-तीन, अशी चौदा पोकळ पेरं, तळहाताची एक पाटी आणि खिळी. फोटोत माप कळायला काही नव्हतं, म्हणून मी माझ्याच डाव्या हाताचं माप घेतलं, उजव्या हातात मोजायचा व्हर्नियर असतो ना. चौदा आकडे पेन्सिलीने भिंतीवर लिहिले आणि कामाला लागलो.

आमचं घर दोन भागांचं. पुढच्या दोन खोल्यांत वहिनी, मागच्या खोलीत मी आणि लेथ मशीन. मधे एक वीट जाडीची भिंत आणि एक दार. वहिनी माझ्याशी बोलत नाहीत असं नाही. बोलतात, पण भांड्यांमार्फत. सकाळी अकराला दारात चहाचा कप आदळतो. तो किती जोरात आदळला यावरून मी त्यांचा दिवस ओळखतो.

लेथ दादाचा. मोठा भाऊ, गुरू, मालक, सगळं तोच. उजव्या हाताच्या अनामिकेच्या टोकाचं अर्धं पेर त्याने तरुणपणीच प्रेसखाली घालवलं होतं, आणि त्यानंतर तो इतका सावध झाला की बघणाऱ्याला कंटाळा यावा. लेथच्या चकाला, म्हणजे काम पकडणाऱ्या जबड्याला, चौकोनी टोकाची एक जड चावी असते. तिने चक आवळायचा आणि ती लगेच काढायची. ती चकात विसरली आणि मशीन चालू केलं, तर बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. दादाचा नियम होता: चावी घातलेला हात चावी घेऊनच बाहेर येणार. मग ती खिळ्याला अडकवायची, खिळ्याखालच्या फळीवर आखूड बोटाने दोनदा ठोकायचं, टक टक, आणि मगच स्विच. टक टक म्हणजे चावी बाहेर आहे, चालू करतोय. भिंतीपलीकडे वहिनींना ते रोज ऐकू जायचं.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी दादाने टक टक केलं, स्विच दाबला, आणि चावी त्याच्या कानशिलात बसली. तो तिथल्या तिथे गेला.

सगळे म्हणाले, वय झालं होतं, विसरला असेल. मीही म्हणालो. फक्त वहिनी म्हणाल्या, "मी टक टक ऐकलं. चावी खिळ्यावर होती."

"सवयीने ठोकलं असेल," मी म्हणालो.

आता लिहायलाच बसलोय तर लिहितो. चावी खिळ्यावर होतीच. दादाची. पण आमच्याकडे चाव्या दोन होत्या. माझ्या तळहाताला घाम येतो, म्हणून माझ्या चावीच्या दांड्याला मी निळी चिकटपट्टी गुंडाळायचो. तीच मी त्या सकाळी चकात विसरलो होतो, मागच्या बाजूला, जिथे उभ्या माणसाची नजर पोचत नाही. वहिनी स्वयंपाकघरातून धावत येईपर्यंत मी दादाची चावी खिळ्यावरून काढून त्याच्याजवळ टाकली आणि माझी खिशात घातली. संध्याकाळी ती कालव्यात फेकली. तेव्हापासून दादाच्याच चावीवर काम करतो. मला पश्चात्ताप झाला का? झाला. पण बोलायची वेळ पहिल्या पाच मिनिटांत निघून गेली, आणि नंतर रोज थोडी थोडी आणखी लांब जात राहिली. वहिनींना हे कधीही कळू नये, एवढ्या एका गोष्टीसाठी मी त्या घरात दोन वर्षं तोंड मिटून राहिलो.

तर, पंजा.

तेरा पेरं चार दिवसांत झाली. चौदावं, अनामिकेच्या टोकाचं, भिंतीवरच्या आकड्याप्रमाणे चोवीस मिलिमीटर. कापलं, मोजलं, चोवीस. टेबलावर ठेवून जेवायला गेलो. परत येऊन सवयीने पुन्हा मोजलं, तर तेरा.

मी स्वतःला शिवी दिली. वय झालं की माणूस व्हर्नियरही उलटा वाचतो. दुसरं केलं. तीनदा मोजलं, चोवीस. हात धुऊन आलो, तेरा.

तिसरं पेर मी खिशात घालून जेवलो.

ते खिशातून काढलं तेव्हा मी मोजलं नाही, भिंगाखाली धरलं. कापलेल्या पितळेवर हत्याराच्या बारीक रेषा असतात, नव्या नाण्यासारखी कड असते. या टोकावर रेषा नव्हत्या. ते गोल होतं, गुळगुळीत, मधे किंचित आत ओढलेलं. जुनी जखम भरून आल्यावर कातडी जशी गोळा होते तसं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. मला वाटलं, वहिनींनीच कानशीने घासलं. त्या या खोलीत दोन वर्षांत आल्या नव्हत्या, आणि पेर माझ्या खिशात होतं, पण संशयाला तेवढं पुरतं. दारात जाऊन मी विचारलं, "माझ्या वस्तूंना हात लावला का कुणी?"

"ती वस्तू तुमची कधीपासून झाली?" त्या आतूनच म्हणाल्या. त्यांना लेथबद्दल म्हणायचं होतं. लेथ विकून टाका म्हणून त्या पहिल्यापासून मागे लागल्या होत्या आणि मी पहिल्यापासून नाही म्हणत होतो.

मी आखूड पेर तसंच बसवलं. डॉक्टरला काय कळतंय! पंजा जोडून, पॉलिश करून, बोटं पसरून फळीवर ठेवला आणि मनगटाची कडी कापायला घेतली. काम चकात पकडलं, चावी खिळ्याला अडकवली, चष्मा पुसला.

टक टक.

मोटार बंद होती. रस्त्यावर कुणी नव्हतं. भिंतीपलीकडे वहिनींच्या हातून काहीतरी पडलं आणि फुटलं.

मी स्विचपासून हात मागे घेतला आणि चकाभोवती फिरून मागच्या बाजूला गेलो. चावी चकात होती. खिळा रिकामा होता.

ती काढताना मला जोर लावावा लागला, इतकी घट्ट बसली होती. मी विसरलो असेन, असं मी मोठ्याने म्हणालो. दादाबद्दल जे सगळे म्हणाले होते, तेच शब्द. मग फळीकडे बघितलं.

पंजा मिटला होता.

मूठ नीट वळलेली होती, अंगठा बाहेरून आवळलेला. मी बोटं उघडायला गेलो, उघडेनात. खिळी मीच बसवलेल्या, तेल मीच दिलेलं, सकाळी एका बोटाने सांधे हलत होते. पक्कड लावली तर पक्कडच घसरली आणि माझ्या तळहाताचं साल निघालं. मुठीत काहीतरी होतं. हलवल्यावर आत जड काहीतरी सरकायचं. फटीतून पाण्याचा एक थेंब माझ्या चपलेवर पडला. त्याला शेवाळाचा वास होता.

मी पंजा फडक्यात गुंडाळला आणि डॉक्टरला निरोप पाठवला, आजच्या आज घेऊन जा.

तो दुपारी आला. फडकं सोडलं आणि चेहरा पाडला. "काका, मी उघडा सांगितला होता."

"घरी जाऊन उघडा."

त्याने दोन्ही हातांनी ओढून बघितलं. दात उपटणारा माणूस, मनगटात जोर असतो. पण मूठ हलली नाही. "आणि हे बोट आखूड का?" तो म्हणाला. "फोटोत सगळी पूर्ण आहेत."

"कुठलं बोट?"

आवाज दारातून आला. वहिनी उंबऱ्यावर उभ्या होत्या. हातांना साबणाचा फेस तसाच होता.

मी पंजा फडक्याखाली सारायला गेलो, पण डॉक्टरने भाबडेपणाने तो पुढे केला. "बघा ना, अनामिका."

वहिनी आत आल्या. दोन वर्षांनी. त्यांनी पंजा घेतला आणि स्टुलावर बसून मांडीवर ठेवला. आखूड पेरावरून अंगठा फिरवला, एकदा, सावकाश. रडतील असं मला वाटलं होतं. त्या रडल्या नाहीत. माझ्याकडे बघत म्हणाल्या, "भावजी, त्या दिवशी चकात चावी कुणी ठेवली होती?"

"वहिनी, लोकांसमोर काय हे—"

"कुणी?"

माझ्या तळहाताला घाम फुटला. खरं बोलायला हीच शेवटची वेळ होती, आणि ते मला तेव्हाही कळत होतं.

"दादानेच," मी म्हणालो.

वहिनींच्या मांडीवर मूठ उघडली.

झटक्याने नाही. आधी करंगळी, मग ते आखूड बोट, मग बाकीची. झोपेत कुणी हात सैल सोडावा तशी. आत चावी होती. गंजलेली, ओली. दांड्यावरची निळी पट्टी पाण्याने फुगली होती, पण सुटली नव्हती. मी उलट्या दिशेने गुंडाळतो, शेवटचा पदर खाली दाबून. तसाच होता.

"ही कुणाची?" वहिनींनी विचारलं.

डॉक्टरने एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. "काका, मला नको हा," म्हणाला आणि सोबत आणलेली पिशवी न घेताच गेला.

वहिनी उठल्या. एका हातात पंजा, दुसऱ्यात चावी. दार त्यांनी आपटलं नाही, हलकेच लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं मला.

याला आता नऊ दिवस झाले. त्यांनी कुणाला काही सांगितलेलं नाही. त्यांनी सांगितलं असतं, चार माणसं आली असती, तर मी सगळं कबूल करून मोकळा झालो असतो. पण कुणी येत नाही. कप आदळत नाही, कारण चहाच येत नाही. वहिनी मात्र आता बोलतात. भिंतीपलीकडे दिवसभर त्यांचा आवाज असतो, खालच्या पट्टीतला, घरातल्या माणसाशी बोलावं तसा. मधे थांबतात. मग पितळ लाकडावर वाजतं, कधी एकदा, कधी जास्त. मग त्या पुढे बोलतात. परवा तर हसल्या.

घर सोडून जावं असं रोज वाटतं. दारापर्यंत जातो आणि परत येतो. माझं सगळं आयुष्य या मशीनसमोर गेलं, दुसरीकडे कुठे बसायचं तेही मला ठाऊक नाही. म्हणून इथेच बसतो. वहिनी दिवसातून एकदा भांडी घासायला मागे जातात, तेव्हा खिडकीतून दिसतात. निळी चावी त्यांच्या हातात असते. भांडी घासतानाही ती त्या डाव्या मुठीत धरून ठेवतात.

आज सकाळी अकरा वाजता मी स्टुलावर बसलो होतो. दादाची चावी खिळ्यावर होती. मी डोळ्यांनी बघितली, उठून हातही लावून आलो.

भिंतीपलीकडे वहिनींचं बोलणं थांबलं.

टक टक.

दार उघडलं. वहिनी उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. चेहरा शांत होता, खूप दिवसांनी नीट झोप झालेल्या माणसासारखा.

"भावजी," त्या म्हणाल्या, "हे म्हणतायत, मशीन चालू करा."

त्यांचे दोन्ही हात रिकामे होते. आणि मी बसतो तिथून चकाची मागची बाजू दिसत नाही.